शेड धुतल्यावर पाणी जातं कुठं?

मामांचं शेड पाच हजार पक्ष्यांचं. लिफ्टिंगच्या गाड्या रात्री येतात, पहाटेपर्यंत पक्षी भरून जातात आणि उजाडल्यावर मागे उरतं ते रिकामं शेड, पायाखाली दबलेला लिटर, म्हणजे विष्ठा मिसळलेलं अंथरूण, आणि डोळ्यांना झोंबणारा वास. मग लिटर भरून काढायचा, फरशी खरवडायची, प्रेशरच्या पाइपने सगळं धुवायचं, चुना मारायचा आणि नवी पिल्लं येईपर्यंत शेड मोकळं ठेवायचं. मी पोचले तेव्हा धुणं चालू होतं. शेडच्या मागून तपकिरी पाण्याची धार बांध ओलांडून खाली उतरत होती आणि करंजाच्या झाडापाशी ओढ्याला मिळत होती.

“मामा, हे पाणी थेट ओढ्यात?”

“मग कुठं जाणार? अठरा वर्षं तिथंच जातंय.”

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते हे मामांना ठाऊक आहे. त्यांनी पाइप गड्याच्या हातात दिला, हात धुतले आणि बांधावर येऊन बसले. वाद घालायचा तर नीट बसून, ही त्यांची रीत.

“हे बघ,” ते म्हणाले, “मागे फोनवर तूच सांगितलंस. कोंबडीच्या पोटातल्या त्या जंतूला, काय नाव त्याचं…”

“कॅम्पिलोबॅक्टर.”

“हां, त्याला म्हणे बेचाळीस अंशांची ऊब लागते. कोंबडीच्या अंगाची. आणि मोकळी हवा त्याला सोसत नाही. मग ओढ्याच्या गार पाण्यात, उघड्या हवेत तो जगेल कसा? पाव मैल वाहिलं की पाणी साफ. वर ऊन आहेच.”

प्रश्न अगदी बरोबर होता. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू खरोखरच नाजूक आहे. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, त्याला पाचेक टक्केच मानवतो. ३० अंशांच्या खाली तो दुप्पट व्हायचं थांबतो. वाळवलं की मरतो, उकळलं की मरतो. त्याचा शेजारी म्हणावा असा साल्मोनेला मात्र काटक असतो. त्याला मोकळी हवा चालते, गारवा चालतो, पाण्याच्या तळाच्या गाळात तो आठवडेच्या आठवडे काढतो. पण मामांनी नाजूक जंतूबद्दल विचारलं होतं, आणि खरी गोष्ट त्याचीच आहे.

“मामा, पाण्यात तो वाढत नाही, हे खरं. पण वाढत नाही म्हणजे मेला असं नाही. कणगीतली ज्वारी वाढते का?”

“नाही. पण ती मेलेली नसते.”

“तसंच काहीसं.” उपमा पुरती जुळत नाही हे मला माहीत होतं. ज्वारीच्या दाण्याला टरफल असतं, काही जंतूही कठीण कवच करून बसतात. याला तसलं काही जमत नाही. हा काय करतो, तर आपला मळसूत्री, वळणदार आकार सोडून आखडून वाटोळा होतो, आपलं सगळं कामकाज अगदी मंद करतो आणि थांबून राहतो. १९८६ साली अमेरिकेत रॉलिन्स आणि रीटा कोलवेल या दोन शास्त्रज्ञांनी ओढ्याच्या पाण्यात त्याला ठेवून पाहिलं. पाणी ३७ अंशांवर असताना १० दिवसांच्या आत, आणि २५ अंशांवर २८ दिवसांच्या आत तो प्रयोगशाळेच्या थाळीवर उगवेनासा झाला. ४ अंशांच्या पाण्यात मात्र तो चार महिन्यांहून अधिक काळ टिकला. जितकं गार, तितका जास्त.

“म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात मरतो लवकर!”

“उन्हाळ्यात लवकर मावळतो, हे कबूल. पण थाळीवर उगवला नाही म्हणजे मेला, असंही त्या दोघांना दिसलं नाही. पेशी जिवंत होत्या, नुसत्या उगवत नव्हत्या. अशी जिवंत पण न उगवणारी अवस्था जंतूंना असते, हे कोलवेलबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्येच कॉलऱ्याच्या जंतूबाबत दाखवलं होतं. असा निपचित जंतू पोटात गेला तर पुन्हा जागा होतो का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. काहींना कोंबडीच्या पिल्लांच्या आतड्यात तो जागा झालेला दिसला, काहींना नाही.”

“मग तुमच्या लॅबला तो दिसतो का?”

हा प्रश्न मला लागला. पाण्याचा नमुना आला की आम्ही कोलिफॉर्म आणि ई-कोलाय बघतो. विष्ठा पाण्यात मिसळली आहे का, याची ती खूण असते आणि ती उपयोगाची आहे. पण कॅम्पिलोबॅक्टर हवा असेल तर पाणी बारीक गाळणीतून काढून, कमी ऑक्सिजनच्या बंद डब्यात, बेचाळीस अंशांना दोन दिवस वेगळं वाढवावं लागतं. रोजच्या तपासणीत ते कुणी करत नाही. म्हणून अहवालावर ‘पिण्यास योग्य’ असं लिहिताना माझा हात अलीकडे थोडा थांबतो. आम्ही जे शोधलंच नाही, ते नाही असं आमचा अहवाल म्हणत नसतो. वाचणारा मात्र तसंच वाचतो.

“घ्या!” मामा म्हणाले. “दिसत नाही, उगवत नाही, तरी आहे म्हणायचं. आणि दोष कुणाचा, तर कोंबडीचा. पुण्यात झालं तेव्हा आम्ही भोगलंय ते.”

जानेवारी २०२५. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत जुलाब-उलट्यांपाठोपाठ माणसांच्या पायांतली शक्ती जाऊ लागली. काहींचे हात गेले, काहींना श्वास घेता येईना म्हणून व्हेंटिलेटर लावावा लागला. गीया बारे सिंड्रोम. पुणे आणि आसपास मिळून २०० हून अधिक संशयित रुग्ण झाले, काही दगावले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. या जंतूच्या अंगावरच्या साखरेच्या साखळ्या आपल्या मज्जातंतूंच्या आवरणावरच्या काही रेणूंसारख्या दिसतात. शरीर जंतूशी लढायला हत्यार तयार करतं आणि तेच हत्यार आपल्याच नसांवर चालतं. जंतूची बाधा झालेल्या साधारण हजारात एकाला हे होतं. बहुतेक जण बरे होतात, पण महिने लागतात, आणि इंजेक्शनांचा खर्च घर मोडून टाकतो.

“बातम्यांत पोल्ट्रीचं नाव आलं आणि गिऱ्हाईक चिकनला हात लावेना,” मामा सांगत होते. “आमच्या शेडमधून नमुने नेले. अगं, खडकवासल्याच्या पाण्यात नुसती पोल्ट्री उतरते का? आसपासच्या गावांची गटारं, हॉटेलं, रिसॉर्टं, गुरं, सगळं त्यातच. माणसाच्या पोटातही तो जंतू असतोच ना? आणि ते पाणी विहिरीत घेऊन, गाळायची सोय नसताना नुसती पावडर टाकून नळाला सोडायचं! २०२१ मध्ये तेवीस गावं महापालिकेत घेतली. कर वसूल झाला. गाळण प्रकल्प कुठाय? नळाला पाणी देणाऱ्यानं आपलं काम केलं असतं, तर माझ्या कोंबडीचा जंतू त्या विहिरीत पोचला असता तरी काय बिघडलं असतं?”

इथे मामांचं खरं होतं, आणि मी ते तिथेच कबूल केलं. कॅम्पिलोबॅक्टर क्लोरीनपुढे टिकाव धरत नाही. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असलेल्या स्वच्छ पाण्यात पाच मिनिटांत त्याचे शंभरातले नव्याण्णवहून अधिक मरतात. भारतीय मानकाप्रमाणे नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. म्हणजे नियम पाळला तर हा जंतू नळापर्यंत जिवंत येऊ नये. पण ‘स्वच्छ पाण्यात’ हे शब्द महत्त्वाचे. पाणी गढूळ असेल, त्यात शेण-माती-पाला असेल, तर क्लोरीन त्या घाणीवरच खर्ची पडतो. न गाळलेल्या पाण्यात टाकलेली पावडर जंतूंपर्यंत पोचायच्या आधी संपते. पुण्यात त्या भागातले जे नमुने तपासले, त्यातल्या काहींत क्लोरीन उरलेलाच नव्हता.

“मग ठरलं,” मामा उठायला लागले. “दोष नळाचा.”

“बसा हो. अजून न्यूझीलंड राहिलंय.”

हॅवलॉक नॉर्थ हे तिथलं चौदा हजार वस्तीचं गाव. बोअरचं पाणी इतकं निर्मळ की क्लोरीन घालायची गरज नाही, याचा तिथे अभिमान होता. ऑगस्ट २०१६ मध्ये जोराचा पाऊस झाला आणि पाच हजारांहून अधिक माणसं कॅम्पिलोबॅक्टरने आजारी पडली. चौकशीत निघालं ते असं, की बोअरशेजारच्या कुरणातलं पाणी आत झिरपलं होतं आणि त्या कुरणात मेंढ्या चरत होत्या.

“मेंढ्या!” मामांचा चेहरा उजळला.

“मेंढ्या. तिथे कोंबडीचा संबंध नव्हता. पण त्याच देशातली दुसरी गोष्ट ऐका.”

त्याआधी दहा वर्षं, २००६ मध्ये, न्यूझीलंडात कॅम्पिलोबॅक्टरचे सोळा हजारांच्या आसपास रुग्ण नोंदले गेले होते. एवढ्याशा देशाला तो आकडा भयंकर. तिथल्या संशोधकांनी ताज्या कोंबडीच्या मांसाकडे बोट दाखवलं. सरकारने २००७-०८ मध्ये पोल्ट्री आणि कत्तलखान्यांवर मर्यादा घातल्या: पक्ष्यावर किती जंतू चालतील, किती चालणार नाहीत. वर्षभरात आजार जवळपास निम्म्यावर आला. आणि मग जे दिसलं ते पुणेकरांनी लक्षात ठेवावं असं आहे. त्या पाठोपाठ गीया बारेमुळे इस्पितळात येणारेही १३ टक्क्यांनी घटले. पाण्याच्या नळाला कुणी हात लावला नव्हता. काम झालं ते शेडच्या आणि कत्तलखान्याच्या बाजूला.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. खाली ओढ्याची धार आता पातळ झाली होती.

“माझे पक्षी आजारी नसतात गं,” ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, अचंबा होता. “मरतुक कमी आहे. वजन येतं. डॉक्टर येऊन बघतो.”

“तेच तर. कोंबडीला त्याचा त्रास होत नाही. पिल्लू दोन-तीन आठवड्यांचं झालं की कुठून तरी तो शिरतो आणि काही दिवसांत सगळ्या शेडमध्ये पसरतो. कुठून शिरतो? बुटाला लागून, माशीबरोबर, उंदराबरोबर. आणि पाण्यातून. तुमच्या पक्ष्यांच्या पिण्याच्या, निपलच्या लाइनला पाणी कुठलं?”

“विहिरीचं.”

“विहीर कुठे आहे?”

मामांनी उत्तर दिलं नाही. विहीर ओढ्याच्या काठाला आहे, करंजाच्या खाली साठ पावलांवर.

मग त्यांनी जे सांगितलं, ते मला माझ्या कुठल्याच पुस्तकात वाचल्याचं आठवत नाही. लाइनला ते क्लोरीनची गोळी घालतात, कंपनीचा सुपरवायझर तसं सांगतो. पण लसीच्या दिवशी घालत नाहीत. लासोटा असो की गंबोरो, लस पाण्यातूनच द्यायची असते आणि ती जिवंत असते. क्लोरीन तिलाही मारतो. म्हणून आदल्या दिवसापासून गोळी बंद, पाण्यात दुधाची पावडर, मग लस. नंतर व्हिटॅमिन, कधी औषध, तेही पाण्यातूनच. गोड, दुधाळ पाणी पाइपात फिरतं आणि आतल्या बाजूला बोटाला बुळबुळीत लागेल असा थर धरतो. बॅच गेल्यावर लाइन फ्लश करायची असते, पण प्रत्येक वेळी होतेच असं नाही.

त्या थरात जंतू कसे राहतात, हे मी त्यांना सांगितलं. थराच्या पोटात ऑक्सिजन कमी असतो, म्हणजे कॅम्पिलोबॅक्टरला हवा तसा. थर चरायला अमिबा येतात, ते जंतू गिळतात, आणि काही जंतू त्यांच्या पोटात पचत नाहीत. अमिबाच्या पोटात बसलेल्या जंतूपर्यंत क्लोरीन सहजी पोचत नाही. उघड्या पाण्यात सैरभैर होणाऱ्या नाजूक जंतूला इथे घर मिळतं. ओढ्यातून विहीर, विहिरीतून लाइन, लाइनमधून पक्षी, पक्ष्यातून लिटर, आणि लिटर धुतला की पुन्हा ओढा. मामा अठरा वर्षं ज्याला ‘जातं’ म्हणत होते, ते पाणी परत येत होतं.

“मग खर्च कोण करणार?” त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. “पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा. मला किलोमागे पैसे. लाइन बदलायची तर माझ्या खिशातून, खड्डा काढायचा तर माझ्या खिशातून. न्यूझीलंडच्या सरकारनं शेतकऱ्याला काय दिलं ते सांगशील?”

मी सांगितलं की तिथे मुख्य जबाबदारी मांस विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांवर, कत्तलखान्यावर टाकली होती. आपल्याकडे पक्षी बहुतेक ठिकाणी जिवंतच चिकन सेंटरवर जातो. तिथे एकाच गरम पाण्याच्या ड्रममध्ये एकामागून एक बुडतो, एकाच यंत्रात त्याची पिसं निघतात, आणि धुण्याचं पाणी रस्त्याकडेच्या गटारात. ते पाणी कुणाचं, याचा हिशेब कुणीच ठेवत नाही. किलोवर पैसे घेणाऱ्या शेतकऱ्याने एकट्याने हा भार उचलावा, असं मला वाटत नाही. पक्षी ज्याचा आहे, त्या कंपनीने लाइन धुण्याचा आणि सांडपाण्याच्या खड्ड्याचा खर्च करारातच धरायला हवा. हे माझं ठाम मत आहे.

तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या. मी त्यांना चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नका म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की विषय लांबवण्यात अर्थ नव्हता. ब्रिटनच्या अन्न खात्याने २०१४ मध्ये लोकांना हेच सांगायला मोहीम काढली, कारण धारेचे शिंतोडे ओट्यावरच्या कोथिंबिरीपर्यंत उडतात. तिथल्या दुकानांतल्या दर चार कोंबड्यांतल्या जवळपास तिघींवर हा जंतू सापडला होता. धुवायचंच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने, आणि नंतर सिंक साबणाने घासून, एवढ्यावर आमची तडजोड झाली.

“आत्याबाई लुगड्याच्या फडक्यातून पाणी गाळायच्या,” मामी म्हणाल्या. “चार पदरी करून. तेव्हा कुठं होतं हे सगळं?”

आत्याबाई म्हणजे माझी आजी. ते फडकं वाया जात नव्हतं. मघाच्या त्या कोलवेलबाईंनीच बांगलादेशातल्या बायकांना जुन्या साडीच्या घड्या घालून पाणी गाळायला शिकवलं आणि २००३ मध्ये दाखवलं की त्याने कॉलरा निम्म्याच्या आसपास कमी होतो. कारण कॉलऱ्याचा जंतू पाण्यातल्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्यांना चिकटून असतो, आणि किडे फडक्यात अडकतात. कॅम्पिलोबॅक्टर जाडीला अर्ध्या मायक्रॉनहून बारीक. त्याला फडकं थांबवत नाही. गाळल्याने पाणी निवळतं, मग क्लोरीन नीट लागू पडतो, एवढा उपयोग मात्र खरा. म्हणून फडकं आणि टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, दोन्ही.

संध्याकाळी मामा मला गावाच्या टाकीकडे घेऊन गेले. टाकीचं झाकण अर्धं सरकलेलं होतं आणि काठावर पारवे बसलेले. मला अमेरिकेतलं गिडिऑन आठवलं. मिझुरी राज्यातल्या त्या छोट्या गावात १९९३ च्या शेवटी पाण्याच्या टाकीत पारवे शिरले, पाण्याला क्लोरीन नव्हता, आणि साल्मोनेलाने सात म्हाताऱ्या माणसांचा जीव घेतला. मामांनी ऐकून घेतलं आणि शिडी चढून झाकण स्वतः सरकवून दगड ठेवला.

मग आम्ही नळाच्या लाइनच्या शेवटच्या घरी गेलो. माझ्या पिशवीत क्लोरीन तपासायची ओ.टी.ची बाटली होती. नळाचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले, थांबलो. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. पाण्याला रंग आलाच नाही.

“बघ,” मामा म्हणाले, “मी सांगत होतो ना, नळ.”

“हो. आणि ओढा?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जेसीबीवाल्याला फोन केला. विहिरीपासून लांब शोषखड्डा घ्यायचं ठरलं. लिटर आधी कोरडा भरून घ्यायचा, ताडपत्रीखाली ढीग लावून तापू द्यायचा, मगच शेतात. पाण्याने धुवायचं ते उरलेलं थोडंच. ग्रामपंचायतीत जाऊन जलसुरक्षकाला त्यांनी टीसीएलचं पोतं उघडून दाखवायला लावलं. पावडर दमट होऊन तिचे गोळे झाले होते. हजार लिटरला पाच ग्रॅम हे प्रमाण तिथल्या भिंतीवर रंगवलेलं आहे, पण ते ताज्या, सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीसाठी. ओल लागलेल्या पोत्यात तेवढा क्लोरीन उरत नाही.

वाचणाऱ्यांना माझं एक मागणं आहे. ओ.टी.ची बाटली प्रत्येक ग्रामपंचायतीकडे असायला हवी, आणि शहरात सोसायटीच्या सचिवाने ती आणायला काही अडचण नाही. लाइनवरच्या शेवटच्या घराच्या नळाला महिन्यातून एकदा ती लावून पाहा. रंग आला नाही तर लेखी तक्रार द्या, आणि तोवर पिण्याचं पाणी खळखळ उकळून घ्या. तुमच्या वरच्या अंगाला पोल्ट्री किंवा चिकन सेंटर असेल, तर तिथलं धुण्याचं पाणी कुठं जातं, हेही एकदा जाऊन बघा.